बिडी, विमान, फुटबॉल: गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांची कारकीर्द

बल्लारशा स्थानकातून गोंदियाकडे निघालेली गाडी सुमारे अडीचशे किलोमीटर जंगलाच्या कडेकडेने जाते. चांदाफोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, अर्जुनी मोरगाव ही वाटेतली ठळक स्थानके. त्यांतले वडसा म्हणजे कित्येक दशके गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक. मार्गाच्या एका टोकाला बल्लारपूर. तिथला कागद कारखाना बांबूवर उभा राहिला आणि त्याची कंपनी १९४५ सालची. दुसऱ्या टोकाला भातगिरण्यांचे आणि बिडीचे गोंदिया. जंगल तेच, पण एका गावाने त्यातून बांबू उचलला आणि दुसऱ्याने तेंदूचे पान.

या पानाच्या धंद्यात वाढलेल्या एका घरातला मुलगा पुढे देशाचा नागरी विमान वाहतूक मंत्री झाला. तेरा वर्षांहून अधिक काळ तो भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च खुर्चीवर होता, आणि जागतिक फुटबॉल महासंघाच्या म्हणजे फिफाच्या परिषदेवर निवडून गेलेला पहिला भारतीयही तोच. भारतीय फुटबॉलच्या खुर्चीवरून त्याला अखेर सर्वोच्च न्यायालयाने उठवले. प्रफुल्ल मनोहरभाई पटेल यांची ही कारकीर्द पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत अनेकांना तुकड्यातुकड्यांत माहीत असते. कुणाला त्यांची निवडणूक आठवते, कुणाला बिरसीची धावपट्टी, कुणाला साकोलीजवळचा न झालेला कारखाना. हे तुकडे एकत्र मांडले की एक गोष्ट लक्षात येते. पैसा, परवानगी आणि पाहुणे वरून आणण्यात पटेलांचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. खालची घडी बसवण्याची वेळ आली, की मात्र काम अर्धे राहिले.

पान, तंबाखू आणि हात

बिडीचा धंदा तीन ठिकाणांवर चालतो. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलांत अख्खी कुटुंबे पहाटेच तेंदूपाने तोडायला निघतात. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचे. असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. तंबाखू येते गुजरातेतल्या चरोतरातून किंवा निपाणीकडून. बिडी वळणारे हात असतात गावोगावच्या बायकांचे, घरी बसून मजुरीवर काम करणारे. पान तोडणारा, तंबाखू पिकवणारा आणि बिडी वळणारी हे तिघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांना जोडतो तो व्यापारी, आणि भाव ठरतो तोही त्याच्या पेढीवर. १९६९च्या महाराष्ट्र वनोपज कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती आला आणि लिलाव सुरू झाले. वनहक्क आणि पेसा कायद्यांनंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आपल्या पानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. तोपर्यंत जंगल आणि बाजार यांच्यामधली जागा व्यापारी घराण्यांचीच होती.

मनोहरभाई पटेल यांचा जन्म १९०६चा, चरोतरातल्या नडियादचा. गोंदियात त्यांनी धंद्याबरोबर सार्वजनिक कामाचाही पसारा उभा केला. काँग्रेसकडून ते गोंदियातून विधानसभेवर गेले. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि शाळा-महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत नेली. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत आज साठी-सत्तरीत असलेल्या किती तरी शिक्षकांची, तलाठ्यांची, वकिलांची पहिली पायरी याच संस्थेतली. त्यांच्या जयंतीला, ९ फेब्रुवारीच्या सुमारास, गुणवंतांना सुवर्णपदके देण्याचा सोहळा गोंदियात दरवर्षी होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यासाठी तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड आले होते. दिल्ली-मुंबईतला मोठा माणूस गोंदियाच्या मंचावर आणणे ही या घराची जुनी रीत, आणि तिचे राजकीय मोल घराला पहिल्यापासून ठाऊक आहे.

मनोहरभाई १९७० मध्ये वारले तेव्हा प्रफुल्ल तेरा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९५७चा, कोलकात्याचा. शिक्षण मुंबईत झाले, आधी कँपियन शाळेत आणि मग सिडनहॅम महाविद्यालयात, वाणिज्य शाखेत. घरचा सीजे समूह बिडीवरून निघून मुंबईतल्या जागांच्या व्यवसायापर्यंत पोहोचला होता. त्यामुळे मतदारसंघ झाडीपट्टीत आणि बैठक वरळीत, असे दोन पायांवरचे आयुष्य त्यांच्या वाट्याला पहिल्यापासून आले.

मतपेटी आणि खुर्ची

१९८५ मध्ये पटेल गोंदियाचे नगराध्यक्ष झाले. १९९१ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले. १९९६ आणि १९९८ मध्येही तेच निवडून आले. १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली तेव्हा पटेल त्यांच्याबरोबर गेले आणि पुढल्याच वर्षी राज्यसभेत पोहोचले.

इथून पुढे त्यांच्या कारकिर्दीत एक विलक्षण क्रम दिसतो. २००४च्या लोकसभा निवडणुकीत भंडाऱ्यात भाजपच्या शिशुपाल पटले यांनी त्यांना थोडक्या मतांनी हरवले. पण त्याच मे महिन्यात मनमोहन सिंग यांच्या सरकारात ते नागरी विमान वाहतूक खात्याचे स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्री झाले. २००९ मध्ये नव्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात त्यांनी अपक्ष लढणाऱ्या नाना पटोलेंना सुमारे अडीच लाखांनी हरवले. २०१४ मध्ये तेच पटोले भाजपचे उमेदवार होते आणि त्यांनी पटेलांना जवळपास दीड लाखांनी पाडले. त्याच वर्षी पटेल पुन्हा राज्यसभेत होते. भंडारा-गोंदियाचा मतदार कधी हो म्हणाला, कधी नाही. खुर्ची मात्र त्याच्या उत्तरासाठी थांबली नाही.

विमान वाहतूक खात्यातली सात वर्षे या देशातल्या विमानप्रवासाचा चेहरा बदलणारी होती. स्पाइसजेट आणि किंगफिशर २००५ मध्ये उडू लागल्या, इंडिगो २००६ मध्ये. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ २००६ मध्ये खासगी कंपन्यांच्या हाती गेले. हैदराबाद आणि बेंगळुरूचे नवे विमानतळ २००८ मध्ये सुरू झाले. याच काळात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली आणि २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले. पुढे एअर इंडिया कर्जात रुतत गेली तेव्हा या निर्णयांवर कडाडून टीका झाली. २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हे नोंदवले. त्यांपैकी विमाने भाड्याने घेण्याच्या प्रकरणात सीबीआयने मार्च २०२४ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा पटेल अजित पवारांबरोबर सत्तापक्षाकडे गेले होते, त्यामुळे विरोधकांनी या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून प्रश्न विचारले. कागदावरची नोंद एवढीच, की या प्रकरणात खटला उभा राहिला नाही.

गोंदियाला यातून काय मिळाले? गावाजवळच्या बिरसीत ब्रिटिशांनी १९४०च्या सुमारास केलेली धावपट्टी होती. पटेलांच्या काळात ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, तिचा विस्तार झाला आणि कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीत तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पण गोंदियाच्या सामान्य प्रवाशासाठी तिथून नियमित विमान उडायला २०२२चा मार्च उजाडावा लागला. ती सेवा काही महिन्यांत बंद पडली आणि २०२३च्या डिसेंबरात इंडिगोने नव्याने सुरुवात केली. धावपट्टी आणि पहिला प्रवासी यांच्यात पटेलांकडून विमान वाहतूक खाते गेल्यानंतरची अकरा वर्षे गेली.

जानेवारी २०११ मध्ये पटेल अवजड उद्योग खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. या खात्याकडे भेल ही सरकारी कंपनी होती. २०१३ मध्ये साकोलीजवळ मुंडीपार इथे भेलच्या कारखान्याची पायाभरणी मोठ्या थाटात झाली. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. कारखाना उभा राहिला नाही. भंडारा जिल्ह्यात प्रत्येक निवडणुकीत हा विषय निघतो, आणि पक्ष कोणताही असो, उत्तर द्यायला सगळ्यांनाच जड जाते.

दासमुन्शींनंतर

महाराष्ट्रातल्या राजकारण्याला क्रीडा संघटना नवी नाही. पवार २००५ ते २००८ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. कबड्डी, कुस्ती, खो-खो, प्रत्येक खेळाच्या संघटनेत कुठे ना कुठे आमदार-खासदाराचे नाव सापडतेच. गोव्यात चर्चिल आलेमाव तर याहून पुढचे. १९९० मध्ये काही दिवस मुख्यमंत्री राहिलेल्या या नेत्याच्या घराण्याचा स्वतःचा चर्चिल ब्रदर्स हा संघ देशाचा विजेता झाला. कोल्हापुरात फुटबॉल राजघराण्याच्या आश्रयाने वाढला आणि माजी आमदार मालोजीराजे छत्रपती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीपर्यंत पोहोचले. पटेल याच परंपरेतले. फरक इतकाच, की त्यांच्या गावात फुटबॉलचे वेड नव्हते आणि त्यांचा स्वतःचा संघही नव्हता. त्यांच्यापाशी दिल्लीतला वावर होता आणि उद्योगपतींशी ओळख होती.

१९३७ मध्ये स्थापन झालेल्या महासंघावर १९८८ पासून पश्चिम बंगालचे काँग्रेस नेते प्रियरंजन दासमुन्शी अध्यक्ष होते. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला आणि ते पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत. पटेल हंगामी अध्यक्ष झाले आणि वर्षभरात रीतसर निवडून आले. २०१२ मध्ये दुसऱ्यांदा, डिसेंबर २०१६ मध्ये तिसऱ्यांदा त्यांची निवड झाली.

महासंघाकडे पैसा नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये पटेलांनी आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. राष्ट्रीय संघ आणि स्पर्धा यांचे व्यापारी हक्क कंपनीकडे गेले आणि महासंघाला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळू लागली. याच करारातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली. सिनेनट, क्रिकेटपटू, परदेशी खेळाडू, झगमगती मैदाने आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर सामना. ज्या देशात फुटबॉल म्हणजे कोलकाता, गोवा, केरळ आणि ईशान्य भारत एवढेच समीकरण होते, तिथे चंद्रपूरच्या घरातही भारतीय क्लबांची नावे माहीत झाली.

पण याच काळात जुनी झाडे पडत गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग ही जुनी राष्ट्रीय लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. पैसे भरून फ्रँचायझी घेणाऱ्यांच्या लीगमध्ये खालून वर येण्याची वाटच नव्हती. आय-लीग जिंकणाऱ्या संघाला सर्वोच्च लीगमध्ये थेट जागा मिळाली ती २०२३ मध्ये, पंजाबच्या संघाला. तोवर पटेल पायउतार झालेले होते. फिफाच्या क्रमवारीने वेगळीच कहाणी सांगितली: मार्च २०१५ मध्ये भारत १७३व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि जुलै २०१७ मध्ये ९६व्या क्रमांकावर चढला.

ऑक्टोबर २०१७: एक महिना, दोन टोके

पटेलांच्या कारकिर्दीतला सर्वांत उजळ महिना ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. २४ संघ, ५२ सामने आणि सहा शहरे: दिल्ली, नवी मुंबई, कोलकाता, मडगाव, गुवाहाटी, कोची. भारत फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात पहिल्यांदाच मैदानात उतरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तीनही सामने भारत हरला, पण कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला. २८ ऑक्टोबरला कोलकात्यात अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरवले. स्पर्धेला तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले, आणि या वयोगटाच्या विश्वचषकातला तो विक्रम होता. स्पर्धेच्या तोंडावर, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र सरकारने राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ साजरे केले आणि शाळाशाळांत फुटबॉल वाटले.

अंतिम सामन्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, दिल्ली उच्च न्यायालयाने पटेलांची निवड रद्द केली. वकील राहुल मेहरा यांच्या याचिकेवरचा हा निकाल होता. महासंघाची निवडणूक राष्ट्रीय क्रीडा संहितेला धरून झाली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबरला या आदेशाला स्थगिती दिली, पण महासंघाची नवी घटना लिहिण्याचे काम माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे सोपवले.

एप्रिल २०१९ मध्ये क्वालालंपूरला पटेल ४६ पैकी ३८ मते मिळवून फिफाच्या परिषदेवर निवडून आले. देशात मात्र घटना अडकलेलीच होती. क्रीडा संहितेप्रमाणे अध्यक्षपदाची मर्यादा बारा वर्षांची होती. डिसेंबर २०२० मध्ये पटेलांची तिसरी मुदत संपली. न्यायालयात घटना प्रलंबित आहे, हे कारण देऊन निवडणूक झालीच नाही. कार्यकारिणी तशीच बसून राहिली.

१८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पटेलांना दूर केले आणि माजी न्यायमूर्ती अनिल दवे, कुरेशी आणि गांगुली यांची प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये या समितीने पटेलांवर फिफाकरवी दबाव आणल्याचा आरोप करत न्यायालयात अवमान याचिका दाखल केली. १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या दिवशीच, तिसऱ्या पक्षाचा अवाजवी हस्तक्षेप झाल्याचे कारण देऊन फिफाने भारताला निलंबित केल्याची बातमी आली. ऑक्टोबरात भारतात होणारा मुलींचा विश्वचषक धोक्यात आला. न्यायालयाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला बंदी उठली, आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली. माजी गोलरक्षक आणि भाजप नेते कल्याण चौबे यांनी माजी कर्णधार भाईचुंग भुतियाला ३३ विरुद्ध १ अशा मतांनी हरवले. मुलींचा विश्वचषक ठरल्याप्रमाणे पार पडला आणि त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत झाला.

विदर्भाच्या वाट्याला

या साऱ्या काळात विदर्भात काय घडले, हे पाहिल्याशिवाय हा लेखाजोखा पुरा होत नाही. विश्वचषकाचा एकही सामना नागपुरात झाला नाही. सुपर लीगचा एकही संघ विदर्भात आला नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले संघ मुंबई आणि पुण्याचे, आणि पुण्याचा संघही २०१९ मध्ये बंद झाला.

तरी विदर्भाचा फुटबॉल जगाने पाहिला, तो वेगळ्या वाटेने. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२चा ‘झुंड’ बारसे यांच्यावरच बेतलेला आहे. म्हणजे गोंदियाचा माणूस महासंघाच्या अध्यक्षपदी असताना जगाच्या व्यासपीठावर गौरव झाला तो नागपूरच्या एका शिक्षकाच्या कामाचा. त्या कामाला ना ७०० कोटींचा करार होता, ना मोठी मैदाने.

पटेलांना श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याआधी महासंघाकडे वर्षाचे हिशेब जुळवण्याइतकाही पैसा नव्हता, आणि विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळेल असे कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. दोन विश्वचषक आणि एक देशव्यापी लीग ही त्यांच्या खात्यावरची खरी जमा. पण ज्या करारावर हा डोलारा उभा होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये संपत आला तेव्हा पुढचे काहीच ठरलेले नव्हते, आणि सुपर लीगचा २०२५-२६चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. आठ वर्षे लोंबकळलेली घटना माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या मसुद्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी मंजूर केली आणि ऑक्टोबरात महासंघाने ती स्वीकारली. तेरा वर्षांत जे कागद महासंघाने स्वतः करायचे होते, ते शेवटी न्यायालयाला करावे लागले. पटेलांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी उणी बाजू, आणि तिची किंमत खेळाडूंनी मोजली.

आता काम खालच्या पायरीवर आहे. मैदाने अगदीच नाहीत असे नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला तालुका क्रीडा संकुल उभे आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. मुलगा किंवा मुलगी फुटबॉल खेळत असेल, तर चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियातल्या पालकांनी आपापल्या जिल्हा संघटनेकडे तीन कागद मागावेत: यंदाच्या जिल्हा लीगचे वेळापत्रक, नोंदणी झालेल्या खेळाडूंची यादी आणि मागच्या निवडणुकीचे इतिवृत्त. न मिळाल्यास लेखी मागावेत, आणि तरीही न मिळाल्यास राज्य संघटनेकडे तक्रार करावी.